तोंड बघून पळालेले आकडे

माझी बायको मंगळवारी सकाळी गेली. त्या दिवशी अकरा वाजता दवाखान्यात माझी एक टेस्ट ठरली होती. ती टेस्ट सोळा दिवसांनी झाली.

टेस्ट म्हणजे रक्ताची नव्हे. मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे. सांगलीत विश्रामबागला एका मानसोपचाराच्या दवाखान्यात बरीच वर्षं मागच्या खोलीत बसतो. पुढच्या खोलीत डॉ. उपाध्ये मॅडम बसतात. औषधं त्या देतात. मी माणसांना आकडे म्हणायला लावतो, कार्डं दाखवतो, प्रश्न विचारतो आणि रिपोर्ट लिहितो. त्या रिपोर्टवर मॅडम पुढचं ठरवतात. मॅडम माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान आहेत आणि माझ्या दुप्पट वेगानं बोलतात.

सोळा दिवस थांबलेली ती मुलगी म्हणजे रुपाली. तिला विचारून लिहितो आहे. नाव आणि काही खाणाखुणा बदलल्या आहेत.

रुपाली तेवीस वर्षांची. सातारा-कोरेगाव रस्त्यावर तिच्या आत्याचं मिसळीचं हॉटेल आहे. टेबलं आठ. आत्या आत रश्शापाशी, रुपाली बाहेर टेबलांवर. आत्याचे यजमान हवालदार म्हणून फौजेतून रिटायर झालेले, ते पाव, पाणी आणि शिस्त बघतात. या हॉटेलात ऑर्डर लिहून घ्यायची नाही, अशी आत्याच्या सासूपासूनची रीत आहे. 'तीन नंबरला चार मिसळ, एक बिनफरसाणाची, एकाला कट वेगळा, दोघांना दही' हे डोक्यात धरायचं, तसंच पाच नंबरचं धरायचं, आणि आत जाऊन एका दमात सांगायचं. रुपाली सहा-सहा टेबलं डोक्यात धरायची. काही गिऱ्हाइकं तर मुद्दाम अडचणीच्या ऑर्डरी देऊन तिची परीक्षा बघायची आणि हरायची.

दोन महिन्यांपासून ते बिघडलं. दह्याची मिसळ भलतीकडे जायला लागली. रुपाली दोन टेबलांच्या मध्ये नुसतीच उभी राहायला लागली. कोपऱ्यातली माणसं आपल्याबद्दलच बोलतात, असं तिला वाटायला लागलं. दोन-तीनदा मोरीकडून कुणीतरी 'रुपे' अशी हाक मारली. ती बघायला गेली तर मोरीत भांड्यांशिवाय कुणी नाही. झोप उडाली.

तिच्या वडिलांनी गावाहून निरोप पाठवला, "पोरीला घरी आणून सोडा. काम बास झालं." आत्यानं उलट निरोप धाडला, "आधी डाक्टर काय म्हणत्यात ते बघू. मग बोलू."

म्हणजे माझा रिपोर्ट एका बाजूला आणि वडिलांचा निरोप दुसऱ्या बाजूला. रुपालीला हे पक्कं ठाऊक होतं. खोलीत आल्या आल्या ती म्हणाली, "सर, काय बी करा, पण मला घरी बसवू नका."

इथं धंद्यातले दोन शब्द सांगायला हवेत.

पहिला सायकोसिस. खरं काय आणि आपल्या मनानं काढलेलं काय, यांच्यामधली भिंत पडते त्या अवस्थेला सायकोसिस म्हणतात. रुपालीची भिंत पडलेली नव्हती. ती स्वतःच सांगत होती, "हाक येती, पण तिथं कोण न्हाई हे मला कळतंय. मग येती कशाला?" ज्याला संशय येतो पण त्या संशयाचाही संशय घेता येतो, असा माणूस उंबरठ्यावर असतो. आम्ही त्याला 'अ‍ॅट रिस्क' म्हणतो. उंबरठ्यावरचे सगळेच आत जात नाहीत. पुष्कळ जण मागं फिरतात. कोण कुठं जाईल हे कुणाच्या कपाळावर लिहिलेलं नसतं, म्हणून लक्ष ठेवावं लागतं.

दुसरा शब्द वर्किंग मेमरी. आजीनं लहानपणी सांगितलेली गोष्ट आठवते ती ही मेमरी नव्हे. कुणी फोन नंबर सांगितला आणि पेन सापडेपर्यंत आपण तो तोंडातल्या तोंडात घोळवत राहिलो, तर ती वर्किंग मेमरी. वेटर एका हातावर कोपरापर्यंत बशा रचून नेतो ना, तसं हे आहे. बशा मोजक्याच मावतात. आणि चालताना कुणी कोपराला धक्का दिला तर त्या पडतात. मनातली भीती, राग, दुःख हे सगळे धक्का देणारे. धक्का सगळ्यांनाच बसतो, पण उंबरठ्यावरच्या माणसाला जरा जास्त बसतो. टेस्टमध्ये बघायचं असतं ते एवढंच, की हाताला बशा पेलत नाहीत की कोपराला धक्का बसतो आहे. दोन्हीत बशा फुटतातच, पण उपाय वेगळे.

टेस्ट साधी आहे. मी आकडे म्हणतो, समोरच्यानं ते उलटे म्हणायचे. मध्ये एक कार्ड दाखवतो. कार्डावर कधी खुर्ची, कधी कंदील, कधी हसरा चेहरा, कधी रागीट, कधी नुसताच कोरा चेहरा. कार्ड बघून मग आकडे सांगायचे. मॅन्युअलमध्ये टेस्ट घेणाऱ्यासाठी एक सूचना आहे: चेहरा न्यूट्रल ठेवावा. ती पाळण्याबद्दल मला कधी कुणी नावं ठेवलेली नाहीत.

मी म्हणालो, "सात, दोन, नऊ, चार." खुर्चीचं कार्ड दाखवलं.

रुपाली कार्डाकडे न बघता माझ्याकडे बघत राहिली. "चार... नऊ..." मग थांबली.

"पुढं?"

"न्हाई आठवत."

"ठीक आहे. तीन, आठ, एक." कंदील.

"एक... एक..." ती ओढणीचं टोक पिळत होती. "सर, माझं काय चुकलं का?"

"चूक-बरोबर असं काही नसतं," मी म्हणालो. हे वाक्य आम्ही सगळ्यांना सांगतो.

अर्ध्या तासात सगळी टेस्ट पडली. चेहऱ्यांवर पडली असती तर समजलं असतं. खुर्चीवर पडली, कंदिलावर पडली. तीन आकड्यांच्या पुढं ती गेलीच नाही.

मी पुढच्या खोलीत जाऊन मॅडमना सांगितलं.

"सगळीकडेच कमी? ऑब्जेक्ट्सवर पण?"

"हो."

"मग सर, हा नुसता इमोशनचा प्रश्न नाही. मी हे वाट बघण्यावर सोडणार नाही. गोळी सुरू करू आणि काम बंद. वडिलांशी मी बोलते. रिपोर्ट आजच देता?"

"देतो," मी म्हणालो आणि लिहायला बसलो.

चार ओळी झाल्या असतील, तेवढ्यात मंगलताई आत आल्या. मंगलताई आमच्या रिसेप्शनवर बसतात. दवाखान्यात पेशंटचं खरं काय चाललंय हे आधी त्यांना कळतं, मग आम्हाला.

"सर, ती कोरेगावची पोरगी लय भारी आहे हो."

"का?"

"बाहेर अकरा माणसं बसलेली. मी चहा सांगायला खाली निघाले, तर म्हणाली, काकी तुम्ही बसा, मी सांगते. सगळ्यांना एकदा विचारलं आणि गेली. दोन बिनसाखर, एक कोरा, तीन कडक, एकाला कॉफी, आजोबांना अर्धा कप आणि तोही पातळ, बाकीचे साधे. कागूद न्हाई, काय न्हाई. एक कप इकडचा तिकडं झाला नाही."

"कधी?"

"टेस्टच्या आधी. तुम्ही आत होता."

मी पेन खाली ठेवलं. अकरा जणांचा चहा आणि तीन आकडे या दोन गोष्टी एकाच डोक्यात बसत नव्हत्या.

"टेस्ट झाल्यावर काही म्हणाली का?"

मंगलताई जरा घुटमळल्या. "म्हणाली, सर रागावलेत माझ्यावर. त्यांचं तोंड बघितलं की आकडे पळून जातात."

"मी रागावलो नव्हतो."

"मला ठाऊक आहे हो. पण सर, खरं सांगू का? तुमचं तोंड बघून परवा मीच दोघांना एकाच वेळची अपॉइंटमेंट दिली."

मी बेसिनपाशी जाऊन आरशात बघितलं. सोळा दिवसांत आरशात दाढीपुरतंच बघितलं होतं. समोर जो माणूस होता त्याच्या तोंडावर राग नव्हता. काहीच नव्हतं. पुसून ठेवलेल्या पाटीसारखं तोंड.

आणि उंबरठ्यावरच्या माणसाला कोरा चेहरा कोरा दिसत नाही. पुष्कळदा त्यात राग दिसतो, धोका दिसतो. हे मला नवीन नव्हतं. शिकाऊ मुलांना हेच मी वर्षानुवर्षं फळ्यावर आकृती काढून शिकवत आलो होतो. खुर्चीचं कार्ड दाखवताना त्या कार्डामागं माझं तोंड होतं. कंदिलामागं तेच. टेस्टभर रुपालीनं एकच कार्ड बघितलं होतं.

मी मॅडमकडे गेलो. "मॅडम, रिपोर्ट देत नाही. टेस्ट चुकली आहे."

"तिची?"

"माझी."

मी सगळं सांगितलं. त्या एरवी मध्येच तोडतात. या वेळी तोडलं नाही.

"सर, मी तुम्हाला म्हटलं होतं, महिनाभर सुट्टी घ्या."

"घरी पुस्तक वाचत होतो. एक पान चार वेळा वाचायचो आणि पाचव्यांदा सुरुवातीपासून. म्हणून कामावर आलो."

"म्हणजे तुमचीही वर्किंग मेमरी..."

"हो. बशा फुटताहेत."

त्या हसल्या, मग हसल्याबद्दल सॉरी म्हणाल्या. "दुसरं कुणी टेस्ट घेईल का? मिरजेहून बोलावू?"

"बोलावता येईल. पण आकड्यांचे दुसरे संच आहेत माझ्याकडे. मला एकदा तिच्याशी बोलू द्या. नाही जमलं तर बोलावू."

आत्या आणि रुपाली खाली रसवंतीपाशी एसटीची वाट बघत बसल्या होत्या. दोघींना वर बोलावलं. पेशंटला आपल्या घरचं सांगू नये, असं आम्हाला शिकवलेलं असतं. मी ते मोडलं.

"रुपाली, सोळा दिवसांपूर्वी माझी बायको गेली. माझं तोंड त्यामुळं असं झालंय. त्यात तुझ्याबद्दल काही नाही."

 रुपालीचे खांदे खाली आले.

"आवं सर, मग आधी न्हाई का सांगायचं! मला वाटलं मी आत आले तवाच काय तरी चुकलं. चप्पल बाहेर काढायची होती का काय, हेच डोक्यात."

आत्या म्हणाली, "जेवता का नीट?"

"जेवतो."

"कोण करतंय?"

"डबा येतो."

"डब्याचं काय खरं न्हाई. पुढच्या बारीला भाकरी आणती." मग भाचीकडे वळून, "बघ, मास्तर दुःखात हाईत. तू उगाच आपल्या अंगावर घेतलंस."

टेस्ट दुसऱ्या दिवशी घ्यायचं ठरलं. दोघी विश्रामबागलाच आत्याच्या नणंदेकडं राहिल्या.

दुसऱ्या दिवशी खुर्चीवर तिनं पाच आकडे उलटे म्हटले. कंदिलावर सहा. हसऱ्या चेहऱ्यावर पाच. मग मीच अडकलो.

"सहा, नऊ, एक..." आणि पुढचा आकडा माझ्या हातातल्या कागदावर लिहिलेला असूनही मला सापडेना. "सहा, नऊ, तीन..."

"सर, आधी एक म्हणाला होता."

"हो का?"

"व्हय. सहा, नऊ, एक. त्याच्या फुडचं तुमी सांगितलंच न्हाई." ती हसली. "सर, तुमची पण घेऊ का टेस्ट?"

असं झालं की तो संच बाद करायचा असतो. मी बाद केला. पण माझ्याही तोंडावर काहीतरी हललं असावं, कारण ती त्यानंतर खुर्चीत जरा ऐसपैस बसली.

रागीट चेहऱ्यांवर ती तीनवर घसरली. कोऱ्या चेहऱ्यांवरही तीनवरच. पुन्हा खुर्ची दाखवली तर पुन्हा पाच. आता चित्र स्पष्ट होतं. हाताला बशा पेलत होत्या. धक्का कोपराला बसत होता. आणि नुसतं गप्प, कोरं तोंड दिसलं तरी बसत होता. दिवसभर गाड्यांतून उतरणाऱ्या अनोळखी, थकल्या तोंडांच्या मध्ये उभं राहून काम करणाऱ्या मुलीला हे कुठं नडत असेल, हे सांगायला टेस्ट लागत नाही.

मॅडमनी रिपोर्ट दोनदा वाचला. "हाक अजून येतेच आहे, सर. झोप नाही. मी तिला सोडून देणार नाही."

"सोडू नकाच."

"गोळी आत्ता नको. झोपेचं आधी बघू. दर पंधरा दिवसांनी बोलावू. हाका वाढल्या, किंवा त्या खऱ्याच आहेत असं ती म्हणायला लागली, तर गोळी लगेच. आणि काम?"

"काम चालू राहावं असं मला वाटतं. पण ऑर्डर लिहून घ्यावी."

हे बोललो तेव्हा मला वाटलं, प्रश्न सुटला. मी त्यांच्या हॉटेलात कधी जेवलो नव्हतो, म्हणून तसं वाटलं.

"चिठ्ठी?" आत्या खुर्चीतून उठलीच. "आमच्या हाटेलात चिठ्ठी? लोक काय म्हणतील? पोरीला काय तरी झालंय म्हणतील!"

"मी लिहिणार न्हाई," रुपालीही म्हणाली. "मग सगळी माझ्याकडंच बघतील. आधीच बघत्यात असं वाटतंय, आता खरंच बघतील."

तिचं म्हणणं बरोबर होतं. जो धक्का टाळायचा होता तोच माझ्या उपायातून मिळणार होता.  मला लगेच काही सुचत नाही. त्या दिवशी तर नाहीच.

सुचलं आत्याच्या यजमानांना. आत्यानं तिथूनच फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ह्यात काय अवघड हाय? फौजेत आर्डर मिळाली की मोठ्यानं परत म्हणून दाखवायची असती. साहेब बी ऐकतो, आपण बी ऐकतो. लाज कसली त्यात?"

"आन् एकटीच वरडत बसू का?" रुपाली म्हणाली.

"एकटी कशाला? आपण सगळीच वरडू. मी पावाची, तू मिसळीची, तुझी आत्या तशीबी वरडतीच."

"मी कवा वरडती ओ?" आत्या वरडली.

असं ठरलं. ऑर्डर घेतली की टेबलापाशीच मोठ्यानं परत म्हणायची, आत गेल्यावर आत्यानं ती पुन्हा म्हणायची. मी त्यात एकच गोष्ट घातली. हाक ऐकू आली की मोरीकडे जायचं नाही. आत्याला विचारायचं. आत्यानं खरं ते सांगायचं, हसायचं नाही, घाबरायचं नाही.

"आन् तोंडाचं काय?" रुपालीनं विचारलं. "गिऱ्हाइकाचं तोंड तसंच दिसतंय मला. रागावल्यागत."

याचं उत्तर माझ्याकडं पुस्तकी होतं. आत्याचं चांगलं होतं. "अगं, भुकेलं तोंड आन् रागावलेलं तोंड सारखंच असतंय. आधी रस्सा वाढायचा. तरी तसंच राहिलं, तर मग राग म्हणायचं."

वडिलांना मॅडमनी फोन केला. ते म्हणाले, महिनाभर बघतो. पुन्हा जर पोरगी मध्येच उभी राहिली असं कानावर आलं, तर गाडी घेऊन येतो.

तीन रविवार गेल्यावर मी कोरेगावला गेलो. खोलीतली टेस्ट खोलीतच खरी असते. रुपालीला सांगून गेलो होतो. मी कोण हे कुणाला कळू नये म्हणून कोपऱ्यातल्या टेबलावर बसलो आणि पुस्तक उघडलं. आत्यानं दोन मिनिटांत मला नावानिशी हाक मारून ते गुपित संपवलं.

दुपारी एकच्या सुमाराला महाबळेश्वरहून सोलापूरकडं परतणारी एक गाडी थांबली. सात माणसं, मांडीवर स्ट्रॉबेरीचे बॉक्स, आणि गाडीत काहीतरी भांडण झालेलं. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. सगळ्यांत थोरला माणूस कपाळाला आठ्या घालून बसला होता. मी बघितलं, सात तोंडं आणि एकही न्यूट्रल नाही.

रुपाली गेली. ऑर्डर घेतली. ती चांगलीच गुंतागुंतीची होती, कारण न बोलणारी माणसं एकमेकांची ऑर्डर ऐकत नाहीत आणि बदलत राहतात. थोरला म्हणाला, "लवकर जरा." आवाज चढलेला.

रुपाली थांबली. मी पुस्तकावरून बघत होतो. तिची नजर मोरीकडं गेली. आत्याचे यजमान पावाची पाटी घेऊन जागच्या जागी उभे. 

"आत्या," रुपालीनं मोठ्यानं विचारलं, "हाक मारलीस?"

"न्हाई!" आतून आवाज आला. "तुझं चालू दे!"

"बरं." ती सात जणांकडं वळली. "सात मिसळ. दोन बिनफरसाणाच्या, एकाला कट वेगळा, तीन दही, दोन कांदा जास्त..."

"कांदा एकच जास्त," एक म्हातारी बाई म्हणाली. "दुसरा आमच्या सूनबाईंनी कॅन्सल केला. मगाशीच केला, पण हळू केला. आमच्याशी अबोला आहे ना त्यांचा."

टेबलावर पहिल्यांदा कुणीतरी हसलं. मग सगळेच हसले, सूनसुद्धा. सात माणसं एकदम रुपालीकडं बघून हसत होती. सगळ्यांनी एकदम तिच्याकडं बघणं ही माझ्या कागदावर सगळ्यात वाईट परिस्थिती होती.

रुपाली कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "हसताय व्हय? मग आता कांदा सातही जणांना जास्त. आत्या! सात मिसळ, दोन बिनफरसाणाच्या, एक कट वेगळा, तीन दही, कांदा सगळ्यांस्नी!"

"कांदा सगळ्यांस्नी!" आत्या आतून.

"पाव चौदा!" यजमान.

मिसळ आली. बरोबर आली. थोरल्यानं दोन घास खाल्ले आणि कपाळावरच्या आठ्या गेल्या. रुपालीनं लांबून माझ्याकडं बघून मान हलवली. भूकच होती.

याला आता दीड वर्ष झालं. वडील गाडी घेऊन आले नाहीत. एकदा मिसळ खायला आले आणि ऑर्डर हळू आवाजात दिली म्हणून बोलणी खाऊन गेले. मध्ये श्रावणात रुपालीच्या हाका वाढल्या होत्या. मॅडमनी तीन महिने गोळी दिली, मग हळूहळू थांबवली. ती आता महिन्यातून एकदा येते. हाक क्वचित येते. ती आत्याला विचारते आणि कामाला लागते. पुढं काय होईल हे आम्ही तिला सांगत नाही, कारण आम्हाला ठाऊक नाही.

यातून शिकण्यासारखं फार नाही. टेस्ट घेणाऱ्याचं तोंडही टेस्टमध्ये धरावं, एवढंच. आमच्या रिपोर्टच्या फॉर्मवर मॅडमनी एक नवी ओळ छापून घेतली आहे: 'टेस्ट घेणाऱ्याची अवस्था'. बहुतेक दिवशी मी तिथं 'ठीक' लिहितो. काही दिवशी तसं लिहिता येत नाही. त्या दिवशी टेस्ट घेत नाही, पेशंटला चहा देऊन उद्या बोलावतो.